बटाट्याच्या वर गवत, गवताच्या वर दगड

सायवापाता, १४ ऑगस्ट

निकासियाताई,

ही चिठ्ठी तुला फाउस्तोदाजी वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी दोन शब्द त्यांच्याशी. दाजी, नमस्कार. मध्येच खाकरू नका. "बघ, आज आठवण झाली तुझ्या बहिणीला" असलं काही पदरचं घालू नका. लिहिलंय तेवढंच वाचा, आणि चश्मा लावून वाचा.

ताई, दोन वर्षांनी लिहिते आहे. बासिलियो मीठ आणि मेणबत्त्या घेऊन वर निघाला होता. त्याला म्हटलं, थांब जरा, चिठ्ठी द्यायचीय. म्हणाला, "बायकांच्या चिठ्ठ्यांसाठी खेचरं थांबत नाहीत." खेचरं थांबली आहेत. तोही दारात बसून माझ्याच वाडग्यातलं सूप पितो आहे.

सोबत मका पाठवते. इथे दाजी वाचायचे थांबले असतील. हो, मका, आणि विकतचा नाही. चॅपेलमागच्या आपल्या वावरातला. जिथे बाबा बटाटे लावायचे तिथे आता माझ्या खांद्याएवढा मका उभा राहतो. खालच्या गावच्या बायका येऊन बघून गेल्या. "तुमचं नशीब उघडलं," म्हणाल्या. मी हो म्हटलं. आजोबांचा बटाटा ओढ्याकाठी होता, बाबांचा चॅपेलमागे, माझा गवताच्या सीमेवरच्या गडग्यापाशी. नशीब उघडत गेलं आणि बटाटा वर वर चालत गेला.

गडग्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझ्याच नवऱ्याने, सिप्रियानोने, तुझा पांढरा नर बांधून ठेवला आणि तुझ्याकडे दंड मागितला, ते वाईटच झालं. पण तुझ्या अल्पाका माझ्या बटाट्यात शिरल्या होत्या, हेही खरं. आणि तू सगळ्यांदेखत म्हणालीस की तुझ्या अल्पाका हलल्या नाहीत, आमचा गडगाच वर सरकला. जाऊ दे. लिहिणार नाही म्हटलं आणि लिहून बसले.

निवडुंगाचं पिवळं फूल यंदा जुलैतच आलं. बाबांचं तुला आठवत असेल, पहिला बहर जोमाचा तर पेरणी लवकर. गेल्या वर्षी मी त्या फुलाचं ऐकलं. सिप्रियानो थांब म्हणत होता, मी त्याला म्हटलं, तुझ्यापेक्षा निवडुंगाला जास्त कळतं. लवकर पेरलं. पाऊस त्याच्या वेळेलाच आला, त्याहूनही उशिरा, आणि अर्धं बी मातीत भाजून गेलं. फूल काही खोटं बोलत नाही. त्यालाच कुणीतरी फसवलं आहे.

तुझ्याकडे कसं आहे? आन्ताकोचाच्या उतारावर गवत कसं आहे यंदा? सहज विचारते.

तुझी,
लेआंद्रा


सायवापाता, २२ सप्टेंबर

ताई,

बासिलियोने पोतं दारात आपटलं. "घे, बहिणीचं उत्तर." सोडून पाहते तर लेंडीखत. शेजारची गुमेर्सिंदा कुंपणावरून डोकावत होतीच. "दोन वर्षांनी आठवण काढली, आणि लेंड्या पाठवल्या?" मी म्हटलं, "तुझी बहीण आरेकिपाहून स्वतःचे फोटो पाठवते. ते वावरात टाकून बघ काही उगवतं का." तेव्हा कुठे आत गेली.

काळंभोर, मुरलेलं खत आहे. असं खत रागावलेलं माणूस पाठवत नाही. बासिलियोला विचारलं, काय म्हणाली ती? म्हणाला, "म्हणाली, तिला लागेल. आणि मका चिवट आहे."

चिवट आहेच. तुझ्या खताने माझी मान खाली गेली, म्हणून आता खरं सांगते. ऑगस्टची चिठ्ठी मी आपणहून लिहिली नव्हती. बरेच दिवस मनात होतं, पण हातात कागद दिला तो गावच्या सभेने.

सभेत अध्यक्ष मेलितोन म्हणाला, "गडग्याखाली आता नुसता करपा आणि सोंडकिडा. स्वच्छ माती उरली ती आन्ताकोचाच्या उतारावर. तो उतार फोडल्याशिवाय बी वाचत नाही."

कुणीतरी म्हटलं, "तिथे निकासिया चारते."

"चारते ती गावाच्या जमिनीवर. तिच्या नावावर नाही दिलेली."

तेव्हा म्हातारा होनोरातो कोपऱ्यातून बोलला, "मग घाल की पायनांगर. पुरुष ढेप उचलतील. उलटणार कोण? तुझी बायको? तिच्या हाताने साधी भाकरी उलटत नाही."

सगळे हसले. हसले खरे, पण म्हातारा बरोबर बोलला होता. पहिली ढेप उलटायची ती त्या गवतावर जिची जनावरं वाढली त्या बाईने. तिने आंबवलेल्या मक्याच्या चिचाचा पहिला घोट जमिनीला द्यायचा आणि स्वतःच्या हाताने गवत खाली, माती वर करायची. तिच्या हाताशिवाय फोडलेल्या जमिनीवर गारा पडतात, हे मेलितोनलाही माहीत आहे. अध्यक्ष झाला म्हणून गारा त्याला ओळखत नाहीत.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तू लिही तिला. तुझं अक्षर चांगलं आहे." मी म्हटलं, "अक्षर चांगलं असून काय? वाचणार फाउस्तो." तेव्हाही हसले. मीही हसले, आणि कागद घेतला.

तर हे असं आहे. मार्चमध्ये, पाऊस सरताना, माती मऊ असताना तू उतारावर येशील का? तू उलटलीस तर गावाचं बी वाचेल, माझंही. नाही म्हणालीस तर सभेला तसं सांगेन. पण हो की नाही, काहीतरी म्हण.

लेआंद्रा


सायवापाता, ५ नोव्हेंबर

ताई,

परवा मृतांच्या दिवशी आपण आई-बाबांच्या थडग्यांपाशी त्यांच्यासाठी भाजलेला पाव घेऊन दुपारभर बसलो. बोललो किती? मी घरी येऊन मोजायला लागले तर बोटंही पुरून उरली.

तू म्हणालीस, "पावाची बाहुली जळली आहे."

मी म्हटलं, "भट्टी जुनी झाली."

तू म्हणालीस, "आईला कडा जळलेलीच आवडायची." आणि तू बाहुलीचा जळका पाय मोडून आईच्या बाजूला ठेवलास. तेव्हा मला वाटलं, आता बोलेल. बोललीस, पण वेगळंच. पाणथळीतली कुंकुणा, जनावरांचा तो ओला चारा, कडेकडेने तपकिरी पडते आहे म्हणालीस. लहानपणी आई आपल्याला त्या हिरव्या उशांवर टाच रोवू द्यायची नाही. मुठीएवढी वाढायला तिला माणसाचं अख्खं आयुष्य लागतं, म्हणायची. मी विचारलं, "मग जनावरं कुठे चारतेस?"

"उतारावरच. ओलं आटलं तसा उतारच राहिला."

"आणि तो पुरला नाही तर?"

"तर आणखी वर."

"वर काय आहे?"

तू माझ्याकडे पाहिलंस ते मला अजून दिसतंय. म्हणालीस, "बटाट्याच्या वर गवत, गवताच्या वर दगड. बर्फ गेला तिथे नुसते गोटे उरलेत. तुझा बटाटा चढतो तो माझ्या गवतावर. माझं गवत कशावर चढणार?"

लगेच दाजींनी मध्ये चिचाचा पेला घातला. "आधी सासऱ्यांना द्या, त्यांचा घसा सुकला असेल." दाजी, तुम्ही चांगले आहात, पण वेळ साधायची तुमची खोड जाणार नाही.

सभेच्या मागणीबद्दल तू एक शब्द काढला नाहीस. मी चिठ्ठीत विचारलं होतं, तुझं उत्तर नाही. मग मीही तोंड उघडलं नाही. तुझं गप्प राहणं म्हणजेच नाही, असं मी धरलं. सभेत मात्र मी सांगितलं की ताई विचार करते आहे. खोटं बोलले. मला वाटलं, वेळ मिळेल.

पेरणी झाली. तुझं खत सगळं बाबांच्या बियाण्याला घातलं. कोंब चांगले आलेत. काळजी करू नकोस.

लेआंद्रा


सायवापाता, ६ फेब्रुवारी

ताई,

काळजी करू नकोस असं मी लिहिलं होतं. करपा आला. नाताळाच्या सुमारास पानांवर तपकिरी ठिपके दिसले तेव्हाच मला कळलं होतं. मी सिप्रियानोलाही सांगितलं नाही. खालची पानं खुडून एप्रनमध्ये लपवून आणायची आणि चुलीत टाकायची, असं मी आठवडाभर केलं. जणू काही पानं जाळली की करपा वाट चुकेल. मग धुकं आणि पाऊस एकदमच आले, आणि रात्रीसुद्धा गारठा नाही. वावर काळं पडलं. तो वास तुला माहीत नाही, तुझ्याकडे वर तो कधी आलाच नाही. कुजक्या माशासारखा असतो, आणि कपड्यांतून जात नाही.

जे निघालं ते खणून काढलं. बोराएवढे, अंड्याएवढे. बाबांच्या मिसळीच्या बियाण्यातले काही प्रकार हाती लागले, बरेच नाही. मांजरनाक्या आहे. काळी पुमापंजा आहे. चुन्योसाठीच्या कडू जातीचे थोडे आहेत, पण ते गोठवून, वाळवून चुन्यो करायला सलग कडाक्याच्या रात्री हव्यात आणि त्या यंदाही मिळतील असं दिसत नाही. सूनरडवी गेली. एकही नाही.

आणि याच महिन्यात माझ्या पोराने, रोनालने, मुलगी घरी आणली. योवाना नाव आहे. चांगली आहे, मोठ्याने हसते. रीतीप्रमाणे तिच्यासमोर बटाटा आणि सुरी ठेवायची. तुझ्या सासूने तुला दिली होती ती सूनरडवी आठवते का? सगळी गाठीगाठींची, आल्याच्या गड्ड्यासारखी, आणि सासू समोर मांडी घालून बसलेली. तू एक साल न तोडता सोललीस आणि सासू म्हणाली होती, "डोळे का ओले?" आणि तू म्हणाली होतीस, "धूर आहे." चूल तर पेटलीच नव्हती.

माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. दुकानातला पांढरा बटाटा ठेवला, गुळगुळीत, साबणासारखा. योवानाने हसत हसत सोलला. सालीची एकच लांब पट्टी काढून रोनालच्या गळ्यात घातली. सगळे टाळ्या वाजवत होते. मी मागच्या बाजूला गेले. गुमेर्सिंदा आलीच मागून. "सून रडायची असते गं, सासू नाही." तिच्याकडूनही या वेळी ते टोचलं नाही.

आता मुद्द्याचं. काल सभा झाली. माझं खोटं उघडं पडलं. "तुझी बहीण सप्टेंबरपासून विचारच करते आहे?" मेलितोनने विचारलं. मग त्यानेच वाट काढली. म्हणाला, "हात निकासियाचा लागतो, कारण त्या गवतावर तिची जनावरं वाढली. तिच्याआधी तिथे कोण चारायचं? तिची आई. लेआंद्राही त्याच आईची. हात एकाच रक्ताचा. लेआंद्रा उलटेल."

होनोरातोसुद्धा काही बोलला नाही. त्याचंही वावर काळं आहे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी गाव वर येणार आहे. पायनांगर, चिचा, सगळं घेऊन. मी हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. ताई, माझ्याकडे टोपलीभर बी उरलंय. गडग्याखाली ते पुन्हा लावलं तर पुढच्या वर्षी टोपलीही उरणार नाही. आणि वर लावलं तर तुझ्याकडे काही उरणार नाही. या वेळी तरी गप्प राहू नकोस.

लेआंद्रा


आन्ताकोचा, १० मार्च

मेव्हणीबाई लेआंद्रा,

हे मी लिहितो आहे, फाउस्तो. चश्मा लावला आहे. शुद्धलेखन बघू नकोस.

तुझी सप्टेंबरची चिठ्ठी आली तेव्हा आमची पिल्लं मरत होती. अवेळी जन्मली की दोन-तीन दिवसांत मान टाकायची. निकासिया झोपत नव्हती. पिल्लांना शालीत गुंडाळून पोटाशी घेऊन बसायची. मी चिठ्ठी आधी स्वतःशी वाचली आणि मोठ्याने वाचताना सभेचा भाग गाळला. लेंडीखत, गुमेर्सिंदाचे फोटो, तेवढं वाचलं. ती हसली. कित्येक दिवसांनी हसली होती, मग पुढे कसं वाचणार?

नोव्हेंबरच्या चिठ्ठीतही तेच केलं. थडग्यापाशी तुम्ही दोघी विषयाच्या जवळ गेलात तेव्हा मीच पेला घातला. तू बरोबर ओळखलंस आणि तरी ओळखलं नाहीस.

फेब्रुवारीची चिठ्ठी वाचताना मी पकडलो गेलो. योवानाच्या सालीपाशी थांबलो आणि घडी घालायला लागलो. निकासिया म्हणाली, "संपली?"

"संपली."

"दोन्ही बाजूंनी लिहिलंय. दुसरी बाजू काय कोरी आहे? मला वाचता येत नाही, पण काळं आणि पांढरं कळतं."

वाचली. मग म्हणाली, "आधीच्याही आण." त्याही वाचल्या, सगळ्या, एकही ओळ न सोडता. मला वाटलं आता तवा डोक्यात बसणार. बसला नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझी बहीण सहा महिने माझ्या उत्तराची वाट बघतेय, आणि मी तिला लेंड्या पाठवल्या."

मी विचारलं, उत्तर काय लिहू? ती बराच वेळ लोकर कातत बसली. मग म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "तिला सांग, मी उलटणार नाही. मी उलटलं तर माझ्या जनावरांना काय तोंड दाखवू? पण तिचा हातही आईचाच आहे, मेलितोन ते खोटं बोलला नाही. तिने उलटलं तर गारा पडणार नाहीत. मी अडवायला येणार नाही. तिची टोपली तिच्या डोळ्यांसमोर आहे, माझी जनावरं माझ्या. तिला जे दिसेल ते ती करेल."

त्या रविवारी ती कळप घेऊन वर गोट्यांत जाणार आहे. तिथे चारायला काही नाही, हे तिलाही माहीत आहे. मी माझ्या भावाकडे जाईन. आम्हाला ते बघायचं नाही.

जे गाळलं ते तुम्हा दोघींच्या भल्यासाठी गाळलं, असं लिहिणार होतो. पण खरं म्हणजे मला भांडण सोसत नाही.

फाउस्तो


सायवापाता, ३ एप्रिल

ताई,

रविवारी वरून तुला माणसं दिसली असतील, पण बोलणं ऐकू आलं नसेल. म्हणून लिहिते. आणि दाजींना काही बोलू नकोस. त्यांनी गाळलं म्हणून ते सहा महिने तरी आपल्यात भांडण झालं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तुझ्या दाराला बाहेरून दगड लावलेला होता. धूर नाही, कुत्री नाहीत. पुरुष उतारावर ओळीने बसले, कोकाची पानं चघळली. मेलितोन पायाने माती दाबून बघत होता. "बघा, कशी कोरडी आहे, चिखल उरला नाही. नांगर लोण्यात जावा तसा जाईल." सगळे खूश झाले. मला ती जागा ओळखू येईना. मग गुडघ्याएवढा तो उभा दगड दिसला आणि कळलं. इथेच मी लहानपणी चिखलात कमरेपर्यंत रुतले होते आणि तू मला वेणीला धरून ओढलं होतंस. तिथे आता धूळ उडत होती. आणि गवतात पांढऱ्या फुलांचं ते तण होतं, आपल्या चॅपेलच्या अंगणातलं. मी कधी ते गडग्याच्याही वर बघितलं नव्हतं.

मी चिचाचा घोट जमिनीला दिला. डोंगराला दिला. मग सिप्रियानो आणि रोनाल पुढे आले, दोघांनी पायनांगर रोवले, एकदम पाय दिला, आणि ढेप वर आली. जाड, गवताच्या मुळांनी विणलेली, घोंगडीच्या तुकड्यासारखी. दोघांनी ती नांगरांच्या टोकांवर तोलून धरली. मी समोर गुडघे टेकले. दोन्ही हात ढेपेखाली घातले.

सिप्रियानो म्हणाला, "उलट." हळूच म्हणाला, विनवल्यासारखं.

मुळांमध्ये एक करडा सोंडकिडा होता, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. हात लागल्यावर पाय आखडून मेल्याचं सोंग घेऊन पडला. मी तो तळहातावर घेतला आणि मेलितोनला दाखवला. "हा बघ. आपल्याआधी पोचलाय."

त्याने तो खाली पाडला आणि चपलेने चिरडला. "एक किडा आहे."

"एक कधी असतो का? आणि बटाटा नसताना हा इथे काय करतो? वाट बघतो."

"मग अजून वर जाऊ."

"अजून वर काय आहे, मेलितोन?"

त्याने वर बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आणि तिथे तुझा कळप होता. करड्या गोट्यांवर पांढरे, तपकिरी ठिपके, खाली मान घालून. काही नसलेल्या ठिकाणी ती जनावरं तोंडं फिरवत होती. तू उभी होतीस. तुझी लाल शाल ओळखता येत होती. तू हललीही नाहीस. हात केला नाहीस, ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी कदाचित रागाने उलटलं असतं.

सभेला मी कारण किडा सांगितलं. तुला सांगते, किडा नसता तरी माझे हात वळले नसते. तुझा कळप दिसला आणि मला वाटलं, आज मी हिला एक पायरी वर ढकलते आहे, आणि वरची पायरीच नाही.

मी ढेप परत खाली बसवली. जिथून उचलली तिथेच, गवत वर. पायाने कडा दाबल्या. उरलेली चिचा तिच्यावर ओतली, म्हणजे मुळं धरतील.

गोंधळ झाला. मेलितोन म्हणाला, "एका बाईच्या वेडापायी गाव उपाशी मरेल." गुमेर्सिंदाचा नवरा सिप्रियानोला म्हणाला, "तुझ्या बायकोचा हात तू धरायचा होतास." सिप्रियानोने पायनांगर खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "माझे दोन्ही हात नांगरावर होते." होनोरातो उतरताना माझ्याजवळ थांबला. मला वाटलं, बरं काही बोलेल. म्हणाला, "तू बरोबर केलंस की चूक, ते मला कळत नाही. मला फक्त भूक कळते." त्याच्यावर मी रागावू शकत नाही.

घराजवळ आल्यावर सिप्रियानो म्हणाला, "आधी सांगायचं होतंस."

"आधी मलाच माहीत नव्हतं."

"मग बी कुठे लावायचं?"

"तेही माहीत नाही."

तो मक्याच्या वावरात निघून गेला. तेव्हापासून आमच्या वावरात कुणी मदतीला येत नाही. परवा मी कापणीसाठी हाक मारायला दारोदार गेले, प्रत्येकाच्या कंबरेत कळ निघाली होती. मेलितोन म्हणतो, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा विषय काढू, आणि तेव्हा दुसरा हात शोधू. शोधेलही. तू निश्चिंत राहा असं मी या वेळी लिहिणार नाही.

एकट्या योवानाने काल येऊन दिवसभर मका तोडला. घरच्यांनी अडवलं तर त्यांना म्हणाली, "अजून सून झाले नाही, सवय तरी होऊ दे."

आता एक मागते. मागणारी मी आहे, सभा नाही. टोपलीतलं बी खाली ठेवलं तर पेरणीच्या आधीच त्याला कोंब फुटतात आणि सुरकुतून जातं. पूर्वी आपल्या ओसरीत ते महिनोन्‌महिने झोपून राहायचं, आता घरात तेवढी थंडी राहत नाही. तुझ्या घरामागच्या दगडी खोलीत अजून राहते. पेरणीपर्यंत टोपली तिथे ठेवशील का?

कुठे लावायचं ते तेव्हा बघू. तुला एखादा कोपरा दिसला तर दाखव. नाही दिसला तर नाही. जागा नसेलच तर दोघी मिळून ती टोपली तुझ्या चुलीवर उकडू आणि खाऊ. एकेक उचलायचा, त्याचं नाव घ्यायचं, मग सोलायचा. निदान नावं तरी कुणाच्या तोंडून शेवटची निघाली ते आपल्याला माहीत असेल.

बासिलियो म्हणत होता, टोपली दे, खेचरावर टाकतो. मी दिली नाही. ही चिठ्ठी पुढे पाठवते आणि रविवारी टोपली पाठीवर घेऊन मीच येते. कुत्री बांधून ठेव.

लेआंद्रा